न वाचता आलेले पत्र

विद्यार्थी मित्रांनो, वहीत लिहिताना समास सोडा, परिच्छेद पाडा, असे तुम्हांला नेहमी सांगितले जाते. तुम्हांला त्याचा कंटाळाही येत असेल. मलाही यायचा. या गोष्टींचे महत्त्व मला कळले ते शिक्षिका झाल्यावर, आणि तेही माझ्याच चुकीमुळे.

नेरळहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर हे माझे गाव. बी.एड. झाल्यावर मी जवळच्याच एका उर्दू शाळेत शिकवू लागले. आमच्या काही विद्यार्थ्यांचे वडील आखाती देशांत नोकरी करतात. त्यांना शाळेची खबर मिळावी म्हणून दर महिन्याला ई-मेलने वार्तापत्र पाठवायचे ठरले. ते काम माझ्याकडे आले.

मी मोठ्या हौसेने कामाला लागले. गुलाबाच्या फुलांच्या चित्रावर लाल अक्षरे घातली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत असे. त्याच धर्तीवर मी उर्दू आणि मराठीचे दोन स्तंभ केले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख एका रंगीत चित्रात लिहून अगदी खाली लावली. संगणकावर पत्र पाहून मी खूश झाले.

काही दिवसांनी कुवेतहून एका पालकांचा फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, पत्र फार देखणे होते, पण वाचता नाही आले."

त्यांच्या मोबाइलच्या अरुंद पडद्यावर दोन स्तंभ मावले नव्हते. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि खुणा उमटल्या होत्या. तारखेचे चित्र तर उघडलेच नव्हते. अर्जाला त्यांच्या पगाराचा दाखला हवा होता आणि मुदत संपून गेली होती. त्यांच्या मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली. ती माझ्याच वर्गात होती. ती काही बोलली नाही, पण तिच्याकडे पाहण्याची मला हिंमत होईना.

मग मी कारणे शोधली. 'दर्पण'चे दोन स्तंभ कागदाच्या रुंद पानावर शोभत होते. मोबाइलला एकच स्तंभ बरा. आधी उर्दू, मग मराठी. मी जुन्या पद्धतीचा मराठी टाइप वापरला होता. तो टाइप ज्याच्याकडे नसेल, त्याला भलतीच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून उर्दूचा 'अलिफ' आणि मराठीचा 'अ' सगळीकडे ओळखला जातो. ई-मेलमधली चित्रे कधी कधी आपोआप उघडत नाहीत, म्हणून महत्त्वाचा मजकूर चित्रात न घालता अक्षरांतच लिहावा.

आता माझे पत्र साधे असते. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरे. सर्वांत वर तारीख आणि काम. तीन-चार ओळींचे परिच्छेद. उर्दू मजकूर उजवीकडून सुरू होतो. नस्तालीक अक्षरे तिरकी खाली उतरतात आणि मराठीला वर-खाली मात्रा-उकार असतात, म्हणून ओळींत मोकळी जागा सोडते. पत्र आधी स्वतःलाच पाठवते आणि घरातल्या सर्वांत लहान मोबाइलवर वाचून पाहते.

पुढच्या वर्षी त्याच पालकांनी पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत दाखला पाठवला. मुलीचा अर्ज मी स्वतः भरून घेतला. गेलेले वर्ष मात्र परत आले नाही.

मुलांनो, तुम्हीही उद्या कोणाला तरी पत्र पाठवाल. ते पाठवण्यापूर्वी क्षणभर वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याला ते सहज वाचता येईल ना, एवढे स्वतःला विचारा.