सिद्धगडच्या वाटेवरील दोन नावे

दादर पश्चिमेस प्लाझा चित्रपटगृहासमोर जे उद्यान आहे, त्याला सारे ‘कोतवाल गार्डन’ म्हणतात. लग्नसराईच्या खरेदीला निघालेली आपली कितीतरी कुटुंबे ‘कोतवाल गार्डनपाशी भेटू’ असे ठरवितात. गेल्या दिवाळीत तेथेच उभे असताना माझ्या नातवाने विचारले, “आजोबा, कोतवाल म्हणजे पोलीस ना? पोलिसाच्या नावाने बाग कशी?” मी त्याला सांगितले की हे आडनाव आहे, हे भाई कोतवाल, बेचाळीसच्या लढ्यातील हुतात्मा, आणि पोलिसांच्याच गोळीने ते पडले. “कुठे?” त्याने विचारले. “आपल्या मुरबाडकडे, सिद्धगडच्या जंगलात.” “तुम्ही पाहिले आहे ते ठिकाण?” या प्रश्नाला मात्र मला ‘नाही’ म्हणावे लागले. ठाणे जिल्ह्यात जन्म घेऊन आणि नोकरीतली बरीच वर्षे त्याच भागात काढूनही मी तेथे कधी गेलो नव्हतो. जानेवारीत नातवाला घेऊन गेलो. त्या एका दिवसाच्या प्रवासाविषयी हे चार शब्द.

आमचे जुने घर कसाऱ्याचे. मुंबईहून निघालेली लोकल जेथे थांबते आणि थळ घाटाची चढण जेथे सुरू होते, ते हे गाव. रेल्वे येथवर १८६१ साली आली आणि घाट चढून इगतपुरीस पोहोचण्यास १८६५ साल उजाडले. चढण ३७ फुटांना एक फूट इतकी कठीण, म्हणून गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने येथे जोडतात. त्यांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. मी बँकेत लागलो तेव्हा वडील थट्टेने म्हणाले होते, “चला, कसाऱ्याला आणखी एक बँकर मिळाला.” आजोबांचे धान्य-किराण्याचे दुकान बाजारात होते. आसपासच्या पाड्यांवरील ठाकर, कातकरी, महादेव कोळी मंडळी गवताचे भारे, लाकूडफाटा, मध घेऊन येत आणि मीठ, तेल, धान्य घेऊन जात. दुकान आता नाही. आजोबांच्या लाल कापडाच्या चोपड्या मात्र माळ्यावर आहेत.

सकाळी कसाऱ्याहून निघून खर्डी, आटगाव मागे टाकले की उजव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. आसनगावच्या मानस मंदिरात दर्शनाला येणाऱ्या आपल्या बहुतेक वाचकांनी ते पाहिले असतील. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचविण्याची शेवटची झुंज याच गडावरून दिली. पुढे पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी तो परत घेण्यासाठी हल्ला केला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. हल्ला फसला आणि सुमारे हजार माणसे कामी आली. त्याच वर्षी जूनमध्ये गड पुन्हा स्वराज्यात आला. महामार्गावरून जाताना त्या हजारांपैकी एकाचेही नाव मला कोठे वाचायला मिळाले नाही. नातू म्हणाला, “मेलेल्यांची यादी कोणी ठेवली नाही का?” जमाखर्चात आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न लागणारच.

शहापूरहून मुरबाडकडे वळलो आणि मुरबाडहून म्हसा गावी आलो. पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा आणि तेथील जनावरांचा बाजार जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. म्हशाच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो. नारिवली, मग बोरवाडी. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यापुढे सिद्धगडाचा कडा. येथून पायवाटेने निघालो की वाटेतच स्मारक लागते. हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील. दोन नावे आणि एकच दिवस : २ जानेवारी १९४३. दरवर्षी त्या तारखेला पहाटेच्या काळोखात येथे लोक जमतात. आम्ही काही दिवस उशिरा पोहोचलो होतो. हार वाळले होते, पण काढलेले नव्हते.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. शिकून ते वकील झाले. माथेरान नगरपालिकेत निवडून येऊन उपाध्यक्षही झाले. अशा माणसाला सुखाने वकिली करता आली असती. त्यांनी कर्जत तालुक्यातील शेतकरी आणि आदिवासी मुलांसाठी चाळीसहून अधिक स्वयंसेवी शाळा काढल्या आणि गरीब शेतकऱ्यांसाठी धान्य बँक उभारली. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक आली आणि ते भूमिगत झाले. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’त शेतकरी होते, त्याच शाळांचे शिक्षकही होते. मुंबईच्या कारखान्यांना व रेल्वेला वीज नेणारे मनोरे पाडणे हे दस्त्याचे मुख्य काम. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्यांनी ११ मनोरे पाडले. सरकारने कोतवालांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. अखेर २ जानेवारीच्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलात त्यांचा तळ घेरला. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तेथेच पडले. नातवाने मनात हिशेब केला : तीस वर्षे, एक महिना.

आपण अहिंसेचे उपासक. रणभूमीच्या स्मारकापुढे उभे राहताना आपल्या मनात थोडा संकोच असतो. हात जोडतो, पण चार पावले दूर राहून. माझ्याही मनात तो होता. तो दूर झाला, आणि त्याच्या जागी दुसरे काहीतरी आले, ते एका वृद्ध गृहस्थांमुळे. ते गुरे घेऊन त्या बाजूस आले होते. आम्हाला उन्हात उभे पाहून म्हणाले, “शेट, सावलीला बसा. पोराला पाणी पाजा.” बोलता बोलता मी विचारले, कोतवालांविषयी घरात काही ऐकले आहे का? ते म्हणाले, “माझी आय कर्जतच्या अंगची. ती सांगायची, भाईंनी धान्याची कोठी काढली, त्या सालात आखाडाला शेटच्या ओट्याव बसाया लागलं नाय.”

मनोरे, गोळीबार, बक्षीस यांतले त्यांनी काहीच सांगितले नाही. त्यांच्या घरात आठवण उरली होती ती धान्याची.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात शेतीची कामे ऐन भरात असतात आणि घरातील कणगी रिकामी झालेली असते. तेव्हा पोटापुरते जे धान्य उसने घ्यावे लागते, त्याला आमच्या भागात ‘खावटी’ म्हणतात. आषाढात घ्यायचे आणि भात झोडून झाले की पौषापर्यंत फेडायचे. फेडण्याचा दर सवाई किंवा दिढी : मणाला सव्वा मण, किंवा मणाला दीड मण. आजोबांच्या चोपडीत अशी पाने आहेत. बँकेत व्याजाचे तक्ते करताना मी एकदा कुतूहलाने हिशेब मांडला होता. सहा महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे सरळ व्याजाने वर्षाला शंभर. मी चोपडी मिटून ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही.

आजोबा दुष्ट नव्हते. पर्युषणात आठ-आठ उपवास करीत, मुंगीलाही जपत. दुष्काळात त्यांची उधारी बुडालीही. कोणाच्या घरचे मरण ऐकले तर कापड पाठवीत. तो दर त्यांनी शोधून काढला नव्हता. तो बाजाराचा होता. हे सारे खरे आहे. पण त्या ओट्यावर आषाढात तासन्‌तास बसून राहणारी माणसेही खरी होती, हे मला बोरवाडीच्या उन्हात प्रथम नीट कळले. कोतवालांची धान्य बँक काय करीत होती? तेच, जे आजोबांचे दुकान करीत होते : सुगीत धान्य साठवायचे, अडीच्या वेळी द्यायचे, पुढच्या सुगीत परत घ्यायचे. फरक एवढाच की कोठी घेणाऱ्यांची स्वतःची होती. ज्याची कणगी दुसऱ्याच्या ओट्यावर बांधलेली, तो इंग्रजाविरुद्ध उभा कसा राहणार? म्हणून त्यांनी मनोऱ्यांना हात घालण्याआधी कणगीला हात घातला असावा, असे मला वाटते. स्मारकावर तारीख आहे ती शेवटच्या पहाटेची. लढाई त्याच्या कित्येक आषाढ आधी सुरू झाली होती, आणि त्या लढाईत आमचे दुकान समोरच्या बाजूस होते.

परतताना नातवाने विचारले, “आजोबा, त्यांनी तुम्हाला शेट का म्हटले? तुम्ही तर बँकेत होता.” मी त्याला सवाई आणि दिढी समजावून सांगितली. आपल्या घरात ती चालत असे, हेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “संवत्सरीला आपण सगळ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. यांना कोणी म्हटले होते का?” मी म्हटले, “चोपडीत नावे आहेत. पाहू.”

घरी येऊन त्या चोपड्या माळ्यावरून खाली काढल्या आहेत. मोडी अक्षर मला अडखळत वाचता येते. माहुलीखाली पडलेल्यांची यादी कोणी ठेवली नाही, पण आजोबांनी खावटी नेणाऱ्यांची ठेवली आहे. नाव, पाडा, मण, पायली. पाडे अजून तेथेच आहेत. त्यांच्या शाळांत जाणारी मुले आहेत, त्यांना वह्या-पुस्तके लागतात, शुल्क लागते. दीड मणातला तो अर्धा मण आजच्या भावाने किती होतो, हा हिशेब मला येतो. भावंडांसमोर तो मांडला आहे. त्यांनी नकार दिलेला नाही.

वाचकांपैकी कोणास जायचे असेल तर : थंडीचे दिवस उत्तम. मुरबाडपर्यंत वाहनाची चांगली सोय आहे. म्हशाच्या पुढे खाण्याची सोय गृहीत धरू नये, पाणी व शिदोरी बरोबर असावी. चौविहार करणाऱ्यांनी दुपारीच परतीस लागावे. शक्य असेल तर २ जानेवारीची पहाट साधावी. मुलांना अवश्य न्यावे, आणि ती काय विचारतील याची मनाची तयारी ठेवून न्यावे.