वंशावळीचा कागद

शाळेच्या वार्षिकांत शिक्षकानें उपदेशाचे चार शब्द लिहावे, अशी रूढी आहे. यंदा उपदेश बाजूस ठेवून, आमच्या हातून घडलेली एक चूक विद्यार्थ्यांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या घरीं रूबी नांवाची लॅब्रॅडॉर जातीची कुत्री आहे. स्वभावानें ती इतकी गरीब, कीं पाहुणा आला तरी शेपूट हालविते, आणि चोर आला असता तरी तिनें शेपूटच हालविलें असतें. अशा गुणी जनावराचा वंश वाढावा असें आम्हांस वाटलें. पिलांस येणाऱ्या किंमतीचा विचार मनास शिवलाच नाहीं, असें मात्र म्हणवत नाहीं. रूबीबरोबर तिच्या वंशावळीचा छापील कागद आला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं ४२ पिढ्या मोजिल्या आहेत. जवळजवळ त्याच थाटानें आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास रूबीचे आजे-पणजे वाचून दाखवीत असूं.

तिला दीड वर्ष पुरें होतांच, तसाच कागद असलेल्या एका रुबाबदार नराशीं आम्हीं तिची जोड लाविली. नऊ आठवड्यांनीं सात पिलें झालीं. त्यांतील एक आमच्याच नववीच्या वर्गांतील एका मुलाच्या घरीं गेलें. त्याच्या वडिलांनीं पगारांतून शिल्लक टाकून पैसे दिले होते. मुलानें मोठ्या हौसेनें पिलाचें नांव शमशोन ठेविलें.

शमशोन दहा महिन्यांचा झाला, तेव्हां धांवतांना मागचे दोन्ही पाय सशाप्रमाणें एकदम टाकूं लागला. जिना चढावयास कांकूं करूं लागला. “वाढीचे दिवस आहेत,” असें आम्हीं न पाहतांच सांगितलें. पुढें पशुवैद्यांनीं एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटींत नीट बसलेलाच नव्हता. मुलगा तो फोटो घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. त्यानें इतकेंच विचारिलें, “सर, रूबीचा असा फोटो तुम्हीं आधीं काढला होता का?”

दिवसाकाठीं शंभर प्रश्न मुलांस विचारणाऱ्या आम्हांस त्या एका प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. त्याच आठवड्यांत आम्हीं रूबीचा एक्स-रे काढविला. जन्मांत कधीं न लंगडलेल्या रूबीचेही सांधे सदोष निघाले.

जें आधीं वाचावयाचें, तें मग आम्हीं मागाहून वाचलें. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा हा दोष वारशानें उतरतो. त्याच्या मुळाशीं एक नव्हे, अनेक जनुकें असतात. म्हणून आईबाप धडधाकट दिसले तरी पिलांत तो प्रकट होऊं शकतो. फाजील वजन व झपाट्याची वाढ यांनीं तो बळावतो. खुब्याविषयीं पक्का निर्णय द्यावयाचा, तर जनावर दोन वर्षांचें व्हावें लागतें. डोळ्यांच्या पडद्याचा एक रोग याहून लबाड आहे. त्याचा दोष एकाच बाजूनें आलेलें कुत्रें स्वतः उत्तम पाहतें. परंतु अशीं दोन एकत्र आलीं, तर सरासरीनें चौथा हिस्सा पिलांच्या वांट्यास अंधत्व येतें. हा दोष आज रक्ताच्या तपासणीनें आधींच ओळखतां येतो.

२०१७ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांच्या पैदाशीविषयीं नियम केले. पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, १८ महिन्यांच्या आंत कुत्रीस जोड देऊं नये, वर्षांतून एकाहून अधिक वेत घेऊं नये, आणि ८ आठवड्यांच्या आंतील पिलू विकूं नये, असें त्यांत आहे. नोंदणीचा नियम आम्हांस ठाऊकही नव्हता. वयाचे नियम आम्हीं अजाणतां पाळले होते. तरी शमशोनाचे पाय अधू झाले ते झालेच. कायदा किमान तेवढें सांगतो. त्यापुढचें धन्याच्या विवेकावर असतें. मत्तयानें आपल्या यादींत दाविदाच्या पापाची आठवण गाळिली नाहीं. आमच्या कागदावर मात्र नांवें होतीं. खुबे आणि डोळे नव्हते.

आम्ही सातही घरीं गेलों व खरें तें सांगितलें. दोघे गृहस्थ फार रागावले. त्यांचें बरोबर होतें. ज्यास पिलू नको असेल त्यानें तें परत द्यावें, असें आम्हीं सर्वांस सांगितलें. मुलगा शमशोनास परत देण्यास तयार झाला नाहीं. मग त्याच्या वडिलांनीं दिलेले पैसे आम्हीं औषधोपचाराकरितां परत केले. रूबीस पुन्हां पिलें होऊं नयेत, म्हणून तिची शस्त्रक्रिया करविली. तिचा गोड स्वभाव तिच्याबरोबरच संपणार, याचें तेव्हां वाईट वाटलें, आजही वाटतें.

पुढें रीतसर नोंदणी करून आम्हीं दुसरी कुत्री पाळिली. दोन वर्षें थांबलों. तिचे व नराचे खुबे आणि डोळे तपासून मगच जोड लाविली. पांच पिलें झालीं. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांस भांड्यांचा आवाज, लहान मुलें, झाडू, छत्री यांची हळूहळू ओळख करून दिली. कारण सुमारें ३ ते १२ आठवडे हा पिलाच्या मनाच्या घडणीचा काळ होय. नेणाऱ्यांकडून लिहून घेतलें, कीं सांभाळणें अशक्य झालें तर कुत्रें रस्त्यावर न सोडतां आमच्याकडे आणावें. दिवसभर घर बंद ठेवणाऱ्या एका स्नेह्यास आम्हीं नकार दिला; ते अजून आमच्याशीं नीट बोलत नाहींत. तपासण्या, लसी व खुराक यांचा खर्च वजा जातां हातांत कांहीं उरलें नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, पिलू आणावयास जाल, तेव्हां त्याची आई पाहावयास मागा, आणि आईबापांच्या खुब्यांचे फोटोही मागा. मोठ्या माणसास विचारतांना संकोच करूं नका. तुमच्यासारख्याच एका मुलानें विचारिलें, म्हणून आम्ही शिकलों.

शमशोन आतां सात वर्षांचा आहे. त्या मुलानें त्याचें वजन आटोक्यांत ठेविलें आहे, आणि तो त्यास रोज थोडें थोडें चालवितो. गेल्या नाताळांत तो त्यास आमच्याकडे घेऊन आला, तेव्हां पोटाखालून पंचा धरून त्यानें त्यास एकेक पायरी चढविली. आमच्या कपाटांत वंशावळीच्या कागदास रूबीचा एक्स-रे जोडून ठेविला आहे. पिलू मागावयास येणाऱ्यास आम्ही प्रथम तो दाखवितों.