काळपट भिंतीवरचा हत्ती

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून बसने अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जावं लागतं. पाऊस नुकताच सरला होता. वाघूर नदीला पाणी होतं, तिच्या वळणावरचा नालाच्या आकाराचा कडा हिरवागार होता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात, बौद्ध भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. वर्षभर चालणाऱ्या माणसांना थांबता यावं म्हणून हा डोंगर पोखरला गेला. तिथे आपण तासाभरात सगळं उरकायला धावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी थेट दहाव्या लेण्यात गेले. इसवी सनापूर्वीचं हे चैत्यगृह. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्याच खांबावर, रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावर, आपलं नाव नि तारीख कोरली. बहुतेकजण ती अक्षरं शोधतात आणि बाहेर पडतात. पण उजव्या भिंतीवर षड्दंत हत्तीची गोष्ट आहे.

आधी काहीच दिसत नाही, नुसता काळपटपणा. डोळे सरावले की पानं दिसतात, एखादी सोंड, मग अख्खा कळप. हत्तीवर रुसून मेलेली त्याची एक राणी पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी धाडते. हत्ती शिकाऱ्याला मारत नाही. सुळे काढायला स्वतःच मदत करतो. सुळे समोर येताच राणी कोसळते.

चित्रकारानं हे प्रसंग घडले त्या क्रमानं मांडलेले नाहीत. अरण्यातले सगळे अरण्यात, वाड्यातले वाड्यात. म्हणून गोष्ट लावायची तर नजरेला वाड्यातून रानात, रानातून पुन्हा वाड्यात यावं लागतं, त्या शिकाऱ्यासारखंच. सरळ चालत गेलात तर फक्त हत्ती आणि बायका दिसतात. पाहणाऱ्याकडून इतकी सवड मागणारा तो अनाम कलावंत मला फार मोठा वाटतो.

हीच गोष्ट सतराव्या लेण्यातही आहे, सुमारे पाचशे वर्षांनंतर, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेली. तिथे हत्ती शुभ्र आहे, ओळखायला सोपा. दहाव्यात ज्यांना काही उमगलं नाही त्यांनी तो आधी नीट बघावा आणि गर्दीच्या उलट दिशेनं परत दहाव्यात यावं. मी तसंच केलं. बस चुकली, पुढची मिळाली.