अडचणीची किंमत

२०१० च्या हिवाळ्यात बारामतीच्या एमआयडीसीत मला नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरात कधी मोटारसायकल आलेली नव्हती. आम्ही इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पुढे राहायचो. पहिल्या पाळीला एसटीचा मेळ बसत नव्हता आणि दुसरी पाळी सुटल्यावर परतायला काही मिळत नसे. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. जुनी घ्यायचं ठरलं. पण तिच्यात बघायचं काय, ते मला ठाऊक नव्हतं. रंग, चकाकी आणि मीटरवरचा आकडा, एवढीच माझी पारख.

आमच्या रस्त्यावर एका मामांचं गॅरेज होतं. नात्याचे ते कुणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वडिलांनी मला त्यांच्याकडे नेलं आणि पोराबरोबर गाडी बघायला याल का, म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "येतो की. पण घाई करायची न्हाई."

पहिली गाडी बारामतीत पाहिली. नवा रंग, नवं सीट कव्हर. माझं मन तिथंच बसलं. मामांनी आधी इंजिनाला हात लावला. ते गरम होतं. आम्ही यायच्या आधीच कुणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. "गार होऊ द्या, मग बघू," म्हणत ते शांतपणे बसून राहिले. गार इंजिनाला किक मारल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, रिंग-पिस्टनचं काम निघणार. हँडलखाली चासीच्या मानेपाशी रंग जास्त जाड होता आणि त्याच्याआड वेल्डिंगचा डाग होता. मामा मालकाला एवढंच म्हणाले, "पाहुणं, आमच्या कामाची न्हाई." गाडी का नाकारली, ते त्यांनी मला रस्त्याला लागल्यावर सांगितलं. चार माणसांत कुणाच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, हेही त्या दिवशी कळलं.

लासुर्ण्याकडच्या एका शेतकऱ्याची हिरो होंडा स्प्लेंडर धुळीनं माखलेली होती. हिरो आणि होंडा वेगळ्या होणार, ही बातमी तेव्हा ताजी होती आणि पुढे पार्ट मिळतील का, ही धास्ती मला होती. मामा म्हणाले, "१९९४ पासून ही गाडी रस्त्यावर हाय. दर वस्तीवर एक दिसंल. हिचं पार्ट कुठं जात्यात?"

आमच्या भागातली गाडी नुसती माणसं वाहत नाही. तिच्यावर दुधाच्या किटल्या जातात, वाढ्यांचे भारे जातात. म्हणून मामांनी मागच्या बाजूपासून सुरुवात केली. मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक आडवं हलवून पाहिलं. शॉकॲब्सॉर्बरला तेल सुटलं होतं. चेनस्प्रॉकेटचे दाते झिजून एका बाजूला कललेले होते. मग पुढचं चाक अधांतरी करून माझा हात हँडलवर ठेवला आणि सावकाश फिरवायला लावलं. मधोमध अडकलं तर कोनसेट गेलेला समजायचा. हँडल कुठंही न अडकता फिरलं. शेवटी त्यांनी पेट्रोलच्या फडक्यानं मानेवरची माती पुसली आणि चासी नंबरचा एकेक आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला. जमीन घेताना सातबारा बघतो तशी आरसी बघायची, असं ते म्हणाले. इंजिन नंबर जुळतो का, फायनान्सचा बोजा उतरलाय का, नोंदणीच्या १५ वर्षांतली किती उरली, विमा कधीपर्यंत आहे, हे सगळं त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं.

किंमत ठरताना मामांनी शॉकॲब्सॉर्बर आणि चेनस्प्रॉकेटचा खर्च मालकाला सांगितला. मालकांनी तेवढे पैसे लगेच कमी केले. घरात दवाखाना चालू होता, त्यांना पैशांची निकड होती. ते माझ्या ध्यानात आलं आणि अजून खाली ओढा, असं मी मामांच्या कानाशी पुटपुटलो. मामांनी मला बाजूला घेतलं. "गाडीत जी कमी हाय, तिचं पैसं कापलं. त्येंच्या अडचणीचं कापायचं न्हाईत."

मी गप्प झालो. पैसे दिले. पावती लिहिताना मामांनी तारखेबरोबर वेळही घालायला लावली. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. नाव बदलायला घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते, पण मामांनी मला तेवढं थांबू दिलं नाही. तुझ्या हातून रस्त्यावर काही झालं, तर कागदावर नाव त्या शेतकऱ्याचं आहे, असं त्यांनी बजावलं. कागदपत्रं पुरी करणं म्हणजे आपली सोय, असं मी समजत होतो. त्यात देणाऱ्याचीही काळजी असते, हे मला मामांनी दाखवलं.

त्या गाडीमुळे माझी पाळी चुकली नाही आणि नोकरी टिकली. पुढे कंपनीत खरेदी विभागात बदली झाली. छोट्या वर्कशॉपवाल्यांकडून माल घ्यायचा, तपासायचा, दर ठरवायचा. कुणाचा बँकेचा हप्ता तुंबलाय, कुणाला कामगारांचा पगार द्यायचाय, हे टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला कळतंच, आणि ती अडचण वापरून दर पाडणं फार सोपं असतं. अशा वेळी मामांचे शब्द मला अडवतात. मापात न बसणारा माल मी परत करतो, जी कमी आहे तिचे पैसे कापतो आणि तिथंच थांबतो. हे शहाणपण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही.

मामांनी तेव्हा माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. गाडी बघायला नेणाऱ्यानं दोन्हीकडून मोकळं असावं, असं ते म्हणायचे. आता पहिली गाडी घेणारी गावातली पोरं कधी मला बरोबर चला म्हणतात. मामांइतकी पारख माझ्यात नाही, पण मी जातो, आणि किमतीची बोलणी सुरू व्हायच्या आधी अडचणीचे पैसे न कापण्याचं त्यांचं ते वाक्य पोरांना सांगतो. पैसे देऊन हे ऋण फिटण्यातलं नाही; त्यांच्या शिकवणीप्रमाणे वागत राहणं, एवढंच माझ्या हातात आहे.