पहिला डीएसएलआर आणि प्रकाशाचे मोजमाप

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून व्ह्यूफाइंडरकडे वळतो. शटरचे बटण दाबताच आरसा वर जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, साधारण २३ बाय १५ मिलिमीटर असतो. सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स मिळते. शिकायला एवढी सामग्री पुरेशी आहे.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते, तीन गोष्टींवर ठरते. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/५.६ वरून एफ/८ केले की प्रकाश निम्मा होतो. शटर १/१२५ सेकंदाऐवजी १/६० ठेवले की तो जवळजवळ दुप्पट होतो. आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० वरून २०० केल्यास चित्र तेवढेच उजळते, पण आयएसओ फार वाढवला की चित्रात नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसू लागतो. दुपटी-निमपटीच्या या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. एफ/५.६ व १/१२५ आणि एफ/८ व १/६० या दोन्ही जोड्यांचा उजेड सारखाच येतो, फोटो मात्र वेगळे येतात. पहिल्यात पार्श्वभूमी अधिक धूसर होते. दुसऱ्यात मागचे-पुढचे जास्त स्पष्ट दिसते, पण पळणारे मूल पुसट येते. कोणती जोडी निवडायची, हा निर्णय छायाचित्रकाराचा.

सरावाची सुरुवात अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडवर करावी. निकॉनवर तो ‘ए’ आणि कॅननवर ‘एव्ही’ असा असतो. अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. ५५ मिलिमीटरवर कॅमेरा हातात धरून फोटो काढताना हा वेग १/८० च्या खाली गेला, तर हात हलल्याचे फोटोत दिसू शकते. अशा वेळी आयएसओ वाढवावा.

कॅमेऱ्याचा मीटर वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो आणि समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. वारीत पांढरे धोतर, सदरा आणि टोपी घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली, की तो प्रकाश कमी करतो. कपडे मळकट करडे दिसतात आणि उन्हाने रापलेले चेहरे काळवंडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ केले की पांढरे पांढरे दिसते. काळ्या पाषाणातल्या हेमाडपंती मंदिराच्या भिंतीवर उलटे घडते. दगड राखाडी, फिकट येतो. तिथे −१ लागते. दुरुस्ती बरोबर झाली का, हे हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतील उजेडाच्या पातळ्यांच्या आलेखात, तपासावे. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल, तर उजळ भागातील तपशील गेलेला असतो आणि तो नंतर परत मिळणे कठीण असते.

फोटो जेपीईजी किंवा रॉ (सेन्सरची मूळ माहिती) अशा प्रकारांत साठवता येतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या साठतात, तर १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६. त्यामुळे नंतरच्या दुरुस्तीला रॉमध्ये अधिक वाव मिळतो. फाइल मोठी होते, तरी शिकताना दोन्ही प्रकारांत फोटो साठवणे हिताचे.

कोकण-मुंबईच्या पावसाळी दमटपणात लेन्सवर बुरशी धरते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. तो कापडी बॅगेत महिनोन्‌महिने बंद ठेवू नये.

दुसऱ्या लेन्ससाठी घाई करू नये. किट लेन्स नेमकी कुठे कमी पडते हे स्वतःच्या फोटोंवरून सांगता येऊ लागले, की मगच दुसऱ्या लेन्सचा विचार करावा.