किरकोळ खर्च

कविता शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली; तरी मराठी भाषेचा खरा काटेकोरपणा पाहायचा असेल तर तो हिशेबाच्या वहीत पाहावा, असे माझे मत होत चालले आहे. कीर्द, खतावणी, जमा, नावे, उचल, अनामत! एकेक शब्द कसा तोलून घेतलेला. ‘तसलमात’ म्हणजे काय, हे आमच्या वर्गात विचारले तर मुले माझ्याच तोंडाकडे पाहतील. पण जुना कारकून चटकन सांगेल, की हिशेब द्यायच्या बोलीवर आगाऊ दिलेली रक्कम. या साऱ्या शिस्तीच्या मंडळींत एकच शब्द मोकाट सुटलेला आहे. तो म्हणजे ‘किरकोळ’.

हा शब्द माझ्या डोळ्यांत भरला तो वर्धा जिल्ह्यातल्याच एका कामगार संघटनेच्या जमाखर्चात. नाव सांगत नाही; सांगण्याचे कारणही नाही. वार्षिक सभेपुढे ठेवायचा अहवाल ‘शुद्ध मराठीत’ करून घ्यावा म्हणून संघटनेचे खजिनदार माझ्याकडे आले होते. जिनिंगमध्ये जन्म घालवलेला माणूस. सारे त्यांना काका म्हणतात. वर्गणी, कार्यालयाचे भाडे, नागपूरच्या फेऱ्या, वकिलाची फी, सगळे यथास्थित होते. शेवटची ओळ होती ‘किरकोळ खर्च’, आणि ती रक्कम वकिलाच्या फीहून मोठी होती!

“काका, यात काय काय आलं?” मी विचारले.

“किरकोळ म्हन्जे किरकोळच नं, सर. त्यात का लिहाचं?”

या गृहस्थाने संघटनेचा एक पैसा खाल्ला असेल, असे माझ्या मनात क्षणभरही आले नाही. त्यांचे घर मी पाहिले आहे. परंतु खरी अडचण इथेच आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपल्याकडे एक चमत्कारिक समज आहे. ज्याने आपल्यासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्याला चार रुपयांचे काय विचारायचे? व्यापारी मात्र सख्ख्या भावाकडूनही हिशेब घेतो आणि संध्याकाळी त्याच्याच पंक्तीला जेवायला बसतो. ही भीड फक्त गरिबाच्या पैशालाच का, कोण जाणे!

वास्तविक कामगार चळवळीला हा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली. एवढे मोठे काम. पण या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, असा शेरा तत्कालीन सरकारी अहवालाने मारला. शेरा कुजकट खरा; परंतु १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे संघटना फार काळ टिकली नाही, हेही खरेच.

पुढे ना. म. जोशी आले. हे आधी शाळामास्तर होते, हे मी उगाचच सांगून घेतो. १९२१ मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला आणि त्याचे फळ म्हणून १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा झाला. या कायद्याने संघटनांना संरक्षण दिले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पण त्याने बंधनेही घातली होती. निधी कोणत्या कामांवर खर्चावा हे ठरवून दिले. राजकारणासाठी निराळा निधी, आणि त्यात पैसे घालण्याची कुणावर सक्ती नाही. दरवर्षी तपासलेला जमाखर्च निबंधकाकडे गेला पाहिजे. आणि मला सर्वांत आवडलेले कलम म्हणजे, हिशेबाच्या वह्या कोणत्याही सभासदाला पाहता आल्या पाहिजेत. या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. वार्षिक हिशेबाचे बंधन तिनेही ठेवले आहे.

आणि वर्ध्याच्या माणसाला तर हे बाहेरून शिकायला नकोच. आमचे जमनालाल बजाज कित्येक वर्षे काँग्रेसचे खजिनदार होते. दक्षिण आफ्रिकेत वर्गणी देणारे लोक पावतीची पर्वा करीत नसत, तरी आम्ही ती आग्रहाने देत असू, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. त्याच गांधीजींच्या सेवाग्रामला सायकलीने जाता येईल इतक्या अंतरावर बसून मी ही ‘किरकोळ’ ओळ वाचीत होतो.

“काका, ही ओळ फोडून आणा. मग मी मराठी पाहतो.”

“म्हन्जे माझ्यावर संशय हाय का, सर?”

“संशय नाही. उद्या तुम्ही या पदावर नसाल तेव्हा तुमच्या बाजूने कोण बोलेल? ही वहीच ना?”

काका चहा न घेताच गेले. चारपाच दिवसांनी आले ते शाळकरी वही घेऊन. मी ती वाचीत गेलो आणि थक्क झालो. फाटकावरच्या सभेचा चहा होता. पण त्याखाली एका सभासदाला मध्यरात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात नेल्याचे ऑटोभाडे होते. एका बाईच्या नवऱ्याच्या मातीचा खर्च होता. दोन पोरांच्या वह्यापुस्तकांचे पैसे होते. संघटनेने वर्षभरात केलेले सर्वांत मोलाचे काम या माणसाने ‘किरकोळ’ या शब्दाखाली झाकून ठेवले होते! दोन रकमांपुढे मात्र काही लिहिता आले नव्हते. तिथे काकांनी वाकड्या अक्षरात ‘पावती नाही’ एवढेच लिहिले होते. मी ते तसेच ठेवले.

सभेला मीही मागच्या बाकावर बसलो होतो. झाडूकाम करणारी एक बाई उठून म्हणाली, “भाऊ, त्या दोन पैशांचं का झालं, ते सांगा नं.” सभा एकदम चिडीचूप झाली. अध्यक्षांनी तिला बसायला सांगितले. काकांनीच अध्यक्षांना थांबवले आणि वही तिच्या हातात दिली. मग पाऊण तास वाद झाला. एक रक्कम मंजूर झाली. दुसरी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर आहे.