दीड किलोची चूक

खरं सांगायचं तर एन. एस. एस. कॅम्पला मी गेले ती मेसच्या उसळीपासून आठ दिवस सुटका म्हणून! कसाल-मालवण रस्त्यावरून आत, एका कातकरी वाडीत आम्हाला मोठ्या माणसांची वजनं-उंच्या घ्यायच्या होत्या. कातकरी म्हणजे पूर्वी खैरापासून कात काढणारे. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. बाळांची वजनं अंगणवाडीत होतात, पण मोठ्यांची कोण करतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा बायका ४९ पर्यंत, पुरुष ५४ पर्यंतच. त्यापुढचे कितीही वाळले तरी हिशेबात नाहीत.

गणित सोपं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३२ चं. उत्तर १८.५ च्या खाली आलं की कुपोषण, १६ च्या खाली गंभीर. मी आकडे ओरडायचे, मैत्रिणीने लिहायचे. कॉन्व्हेंटची कृपा! एकोणचाळीस की एकोणपन्नास, माझा नेहमीचा गोंधळ. म्हणून मी 'थर्टी नाईन' ओरडत होते आणि सगळी वाडी हसत होती.

एका मावशींचं वजन ४१, उंची १४८ सेंटिमीटर. उत्तर १८.७. "मावशी, तुम्ही एकदम ठीक आहात!" मी थाटात सांगितलं. त्या हसल्या आणि कोयती घेऊन लाकडांना गेल्या.

चौदा जणं झाली आणि माझं लक्ष रिकाम्या काट्याकडे गेलं. सुई शून्यावर नव्हतीच, दीडवर होती! फर्स्ट इयरला झीरो एररचं प्रॅक्टिकल मी चक्क कॉपी न करता लिहिलं होतं हो... सरांना सांगितलं. ओरडले नाहीत, "सगळ्यांतून वजा कर" एवढंच म्हणाले. दोन मिनिटांचं काम. पाच जणं रेषेखाली गेली. मावशी ३९.५, म्हणजे १८.०.

कागद दुरुस्त झाला, पण मावशींना मी ठीक म्हणून बसले होते ना!

संध्याकाळी त्या डोक्यावरचा भारा उतरवत होत्या, तेव्हा गाठलं. "मावशी, सकाळी माझी चूक झाली. तुमचं वजन कमी आहे."

त्यांनी पदराने मान पुसली. "मगे आता काय करू, बाय? जास्ती जेवू?"

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'सल्ला दिला : होय / नाही'. मी 'नाही'वर खूण केली.